गोळ्यांचा कोर्स आणि व्हायोलिन

आम्ही वॉर्डात पेशंटला बजावायचो, बरं वाटलं तरी गोळ्यांचा कोर्स मध्येच सोडू नका. इथे अमेरिकेत मुलांच्या संगीतवर्गांबद्दल वाचताना मला तेच आठवलं.

लॉस एंजेलिसमध्ये 'हार्मनी प्रोजेक्ट' ही संस्था २००१ पासून गरीब वस्त्यांतल्या मुलांना फुकट वाद्यं देते नि शिकवते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नीना क्राउस यांनी त्या मुलांच्या मेंदूला आवाज कसा पोचतो ते तपासलं. एका वर्षात काही फरक नाही! दोन वर्षांनी मात्र 'बा' आणि 'गा' असे जवळजवळचे उच्चार मेंदू जास्त स्पष्ट ओळखू लागला. हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. बाई काय बोलल्या ते ज्याला नीट कळतं, तोच वर्गात हात वर करतो. धीर तिथूनच येत असावा, असं आपलं मला वाटतं.

म्हणून पैसा टिकायला हवा. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०२२ मध्ये 'प्रपोझिशन २८' मंजूर केलं. शाळांतल्या कला-संगीताला दरवर्षी सुमारे १ अब्ज डॉलर, आणि मोठ्या शाळा-जिल्ह्यांनी त्यातले निदान ८० टक्के माणसं नेमण्यावर खर्चायचे. हे मला पटलं. नुसती व्हायोलिनं कपाटात ठेवून काय उपयोग? देणगीवरच्या वर्गांना मात्र दरवर्षी नव्यानं हात पसरावा लागतो.

आमचा नातू सहा महिन्यांतच कंटाळला. लेक म्हणाली, "मम्मी, बंद करते क्लास." म्हटलं, बाई गं, कोर्स तरी पुरा होऊ दे!