वेदीपुढचा कठडा कोणाचा?

नियोजनविषयक अपिलांचा निवाडा करणाऱ्या आयर्लंडच्या राष्ट्रीय मंडळाने 2006 साली कोव्ह येथील सेंट कोलमन कॅथीड्रलमधील वेदीच्या चौथऱ्याची फेररचना करण्यास परवानगी नाकारली, तेव्हा धर्मसत्तेच्या घरात राजसत्तेने नसती ढवळाढवळ केली असा आक्षेप घेणारे निघालेच. परंतु ज्या इमारतीवरून हा तंटा माजला तिचा पूर्वेतिहास ज्याने थोडाबहुत जाणून घेतला असेल, त्याला तो निर्णय न्याय्यच वाटावा, असे माझे मत आहे.

ज्या संताचे नाव या मंदिरास आहे तो कोलमन सहाव्या शतकातला. धर्मदीक्षा घेण्यापूर्वी कॅशेलच्या राजदरबारी तो कवी होता अशी परंपरा सांगते. त्याने स्थापिलेल्या क्लॉइनच्या धर्मपीठाचे मध्ययुगीन मंदिर धर्मक्रांतीनंतर प्रॉटेस्टंट चर्चच्या ताब्यात गेले, आणि अठराव्या शतकात तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कली तेथेच बिशप म्हणून नांदला. बहुसंख्य कॅथलिक रयतेला मात्र त्या काळी जाचक कायद्यांच्या छायेत, आडबाजूच्या साध्या प्रार्थनागृहांत गुडघे टेकावे लागत. 1829 मध्ये या रयतेला राजकीय हक्क मिळाले, पण पुढे दोन दशकांच्या आतच बटाट्याच्या पिकावर रोग पडून महादुष्काळ आला आणि लाखो माणसे मेली किंवा परागंदा झाली. अशा देशाने 1868 साली, ज्या बंदरातून त्याची मुले अमेरिकेची वाट धरीत होती त्याच बंदराच्या डोक्यावरील उतारावर, फ्रान्समधील थोर कॅथीड्रलांशी बरोबरी सांगणारे मंदिर उभारण्यास हात घालावा, हे हिशेबी माणसास खुळेपणाचेच वाटले असेल. (गावाचे नावही तेव्हा आपले नव्हते; राणी व्हिक्टोरियाच्या 1849 मधील भेटीनंतर त्याला क्वीन्सटाउन म्हणत, आणि ते नाव स्वातंत्र्याच्या धामधुमीतच गळाले.)

आराखडा एडवर्ड वेल्बी प्यूजिन आणि त्याचा आयरिश मेहुणा जॉर्ज ॲशलिन यांचा. प्यूजिन 1875 मध्ये वारला. ॲशलिन मात्र पुढे टॉमस कोलमन या भागीदारासह काम नेटाने चालवीत राहिला. भिंती काही हात वर आल्यावर बिशप विल्यम कीन यांना मूळचा बेत फार साधा वाटू लागला, त्यांनी अधिक अलंकृत रचनेचा आग्रह धरला, आणि ठेकेदाराशी केलेला करार मोडला. खर्चाचा अंदाज तेव्हा जो सुटला तो पुन्हा हाती आला नाही. 1879 मध्ये आत पहिली मिस्सा झाली, मध्यंतरी काही वर्षे काम बंदच पडले, टायटॅनिक 1912 च्या एप्रिलमध्ये आपले अखेरचे प्रवासी घेण्यास बंदराबाहेर थांबली तेव्हा शिखर अजून पुरे व्हायचे होते, आणि 1915 च्या मार्चमध्ये ते पुरे होते न होते तोच मे महिन्यात पाणबुडीने बुडविलेल्या लुसिटानिया जहाजावरील माणसांची प्रेते गावाच्या धक्क्यावर येऊन लागली. मंदिराचा विधिपूर्वक अभिषेक 1919 च्या ऑगस्टमध्ये झाला. एकूण खर्च सुमारे 2,35,000 पौंड. त्यातला मोठा वाटा गावाने आणि धर्मप्रांताने उचलला, आणि काही रक्कम अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे स्थायिक झालेल्या त्यांच्याच आप्तस्वकीयांनी धाडली.

वास्तू पाहताना प्रथम जाणवतो तो दगडाचा पोत: बाहेरून डब्लिनजवळच्या डॉल्कीचा निळसर ग्रॅनाइट, त्याला कोनाकोपऱ्यांवर मॅलोच्या चुनखडी दगडाची किनार, आणि आत शिरताच इंग्लंडमधील बाथचा मऊ, मधाळ रंगाचा दगड व तांबड्या संगमरवराचे खांब. पश्चिमेच्या दर्शनी भिंतीत प्रचंड गुलाबखिडकी, बाजूंना भिंतींचा भार तोलणारे कमानदार टेकू, आणि दक्षिणेस सुमारे 300 फूट उंचीचा, खाडीतून मैलोगणती दिसणारा मनोरा. मनोऱ्यात 1916 साली 42 घंटांचा संच बसविला गेला, तो पुढे 49 वर गेला. त्या दोर ओढून नव्हे, तर लाकडी पट्ट्यांवर मुठींनी आघात करून आणि पायांनी पट्ट्या दाबून वाजवितात. आत मुख्य दालनाच्या कमानींवर पॅट्रिकपासूनचा आयरिश धर्मेतिहास कोरला आहे, आणि हे सारे पाहत पाहत दृष्टी पुढे सरकते ती कठड्यापाशी येऊन थांबते, ज्याच्या पलीकडे मॅंचेस्टरच्या ओपनहायमर यांच्या कारागिरांनी बसविलेली रंगीत तुकड्यांची फरसबंदी आणि मुख्य वेदी आहे. इमारतीची सारी वाटचाल त्या एका जागेकडे आहे.

नेमकी तीच जागा बदलण्याचा बेत बिशप जॉन मॅगी यांनी आखला: चौथरा पुढे दालनात वाढवावयाचा, कठडे हलवावयाचे, फरसबंदीचा काही भाग उखडावयाचा. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर पुरोहित व उपासक यांच्यातील अंतर कमी व्हावे, हा त्यामागील हेतू प्रामाणिक होता हे मान्य करण्यास मला संकोच नाही. 2005 मध्ये नगर परिषदेने मंजुरी दिली. परंतु गावकऱ्यांनी, जे स्वतः दर रविवारी त्याच कठड्यापुढे बसत, हरकती नोंदविल्या, सह्या गोळा केल्या, वरच्या मंडळापुढे अपील केले, तोंडी सुनावणी झाली, आणि अर्ज फेटाळला गेला.

यावर असे विचारता येईल, आणि प्रश्न क्षुल्लक नाही, की आज फरसबंदीवर निवाडा देणारे सरकारी मंडळ उद्या प्रार्थनेवर देणार नाही कशावरून? आयरिश कायद्याने या धोक्याची दखल घेतली आहे. संरक्षित प्रार्थनास्थळांबाबत उपासनेच्या गरजांचा मान राखावा, अशी त्यात स्पष्ट तरतूद आहे. पण गरज व आवड यांत भेद करण्याचा अधिकार कोणाला तरी असलाच पाहिजे, आणि तो केवळ अर्जदाराकडे सोपविणे म्हणजे सुनावणीच रद्द करण्यासारखे आहे. व्हॅटिकन धर्मपरिषदेने 1963 मध्ये संमत केलेल्या उपासनाविषयक घटनेत कठडे काढावेत असे कोठेही म्हटलेले नाही. उपासकांकडे तोंड करून मिस्सा करावयाची तर पुढे मांडलेली हलती वेदीही पुरते. बिशप हे या मंदिराचे मुखत्यार खरे, पण ज्यांच्या पै-पैशातून पन्नास वर्षे दगड चढले त्यांच्या वंशजांची तेथील वहिवाट कागदावर नसली म्हणून खोटी ठरत नाही.

या आग्रहाला दुराग्रह म्हणणाऱ्यांनी किलार्नीस जावे. तेथील सेंट मेरी कॅथीड्रल थोरल्या प्यूजिनचे, म्हणजे एडवर्डच्या वडिलांचे, दुष्काळात काम थांबून निराश्रितांच्या आसऱ्यासाठी वापरले गेलेले; 1970 च्या दशकात नूतनीकरणाच्या भरात त्याच्या आतल्या भिंतींचा गिलावा खरवडून काढला गेला आणि ओबडधोबड दगड उघडा पडला. त्याविरुद्ध दाद मागावी असे मंडळ तेव्हा नव्हते. आता पुष्कळ प्रवासी त्या उघड्या दगडापुढे उभे राहून मध्ययुगीन साधेपणाची तारीफ करतात, आणि एकोणिसाव्या शतकातील गवंड्यांनी तो गिलाव्याखाली झाकण्यासाठीच तसा रचला होता, हे त्यांना सांगण्यास तेथे कोणी नसते.