भंगाराच्या भावाने विकले जाणारे भांडवल

पालीच्या बल्लाळेश्वर मंदिरात युरोपीय घडणीची एक मोठी घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या विजयानंतर पोर्तुगीजांकडून मिळालेल्या घंटांपैकी ती एक, असे परंपरा सांगते. ती कोठून आली व कोणी आणली हे गावाला ठाऊक आहे. म्हणूनच तिची किंमत धातूच्या वजनावर करण्याचा विचार कोणाच्या मनाला शिवत नाही. समुद्रापलीकडून आलेली आणखी एक लोखंडी वस्तू सुधागड तालुक्यातील अनेक घरांच्या पडवीत वा माळ्यावर पडून आहे. ती कोठली, किती जुनी, हे मात्र घरच्यांनाही ठाऊक नसते. ही वस्तू म्हणजे आजी-पणजीच्या काळातील शिवणयंत्र. भंगारवाला ते किलोच्या भावाने नेतो, किंवा त्याचा पायट्याचा नक्षीदार सांगाडा एखाद्या फार्महाऊसमधील मेजाचा पाय होतो. दोन्ही प्रकारांत यंत्र मरते, आणि त्याबरोबर एका कुटुंबाचे भांडवलही नष्ट होते.

भांडवल हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. परंतु त्यांचे भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी १८५६ मध्ये सुरू केलेली हप्तेबंदीची विक्री ही त्याहून दूरगामी घटना ठरली. कारखान्यात घडलेले उत्पादनाचे साधन प्रथमच सामान्य माणसाच्या घरात, त्याच्या मालकीचे होऊन आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी सिंगरचा हिंदुस्थानातील व्यापार वाढविला. शहरातील शिंप्यांमागोमाग मध्यमवर्गीय गृहिणींकडे आणि मुंबईच्या चाकरमान्यांमार्फत कोकणातील घरांतही हे यंत्र पोहोचले. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ हे देशी यंत्र बाजारात आणले. यंत्रयुगाचे कठोर टीकाकार असलेल्या गांधीजींनीही १९२४ मधील एका संवादात सिंगरचे शिवणयंत्र अपवाद मानले होते. माणसाला बेकार न करता त्याचे कष्ट हलके करणारे यंत्र त्यांना मान्य होते, हाच त्याचा अर्थ.

आज जुन्या वस्तूंच्या संग्राहकांना या यंत्रांची गोडी लागली आहे. ही गोडी निरर्थक नाही, कारण यंत्राची ओळख पटविण्याचे शास्त्र त्यांनीच जोपासले आहे. सिंगरच्या यंत्राच्या पाट्यावर उजवीकडे एक क्रमांक कोरलेला असतो. १९०० पूर्वीच्या यंत्रांवर नुसते आकडे असतात; त्यानंतर आकड्यांआधी इंग्रजी अक्षर येते. आकड्यांमागे ‘वाय’ हे अक्षर असेल तर ते यंत्र स्कॉटलंडमधील क्लाईडबँकच्या कारखान्यात, साधारणतः १९२० च्या दशकात वा त्यानंतरच्या काही वर्षांत घडले असे समजावे. १९३५ पासून त्या कारखान्याच्या क्रमांकांत ‘ई’ने सुरू होणारी अक्षरांची जोडी येते. १९१३ मध्ये दहा लाखांहून अधिक यंत्रे घडविणारा हा कारखाना १९८० मध्ये बंद पडला. त्याची यंत्रे मात्र अद्याप चालतात.

ही ओळख केवळ हौसेची बाब नाही. काही जुन्या यंत्रांत होडीच्या आकाराचे शटल आणि लांब, सडपातळ बॉबिन असते. त्यांचे सुटे भाग आता सहजासहजी मिळत नाहीत. गोल बॉबिनच्या ‘पंधरा’ क्रमांकाच्या वर्गाची गोष्ट वेगळी आहे. या वर्गाची रचना जपानपासून लुधियान्यापर्यंत अनेकांनी उचलल्यामुळे त्याची बॉबिन, बॉबिन-केस व सुया आजही तालुक्याच्या बाजारात मिळू शकतात. दुरुस्तीवर पैसे खर्च करावेत की नाही, याचा निर्णय करण्यापूर्वी आपल्या घरातील यंत्र कोणत्या जातीचे आहे हे कळणे म्हणूनच आवश्यक ठरते.

ओळखीचा अभाव असला की बाजारही भरकटतो. २००९ मध्ये सौदी अरेबियात अशी अफवा पसरली की, जुन्या सिंगर यंत्रांत ‘लाल पारा’ नावाचे मौल्यवान द्रव्य असते. एकेका यंत्रासाठी लोकांनी प्रचंड रकमा मोजल्या. तसे द्रव्य यंत्रात अर्थातच नव्हते. कोकणात याच्या उलट घडते. तिकडे अफवेने यंत्र सोन्याच्या मोलाचे झाले, इकडे अज्ञानाने ते पत्र्याच्या मोलाचे होते. यंत्राचे खरे मोल त्याने घातलेल्या टिपेत आहे, हे दोन्हीकडे विसरले गेले.

हिशेबाच्या वहीत प्रत्येक यंत्रावर घसारा धरला जातो आणि काही वर्षांत त्याची किंमत शून्यावर येते. बिडाचे अंग, पोलादी दांडे, उघडून बसविता येणारा प्रत्येक भाग आणि तेल सोडण्यासाठी ठेवलेली छिद्रे असलेले हे यंत्र त्या शून्यानंतरही पन्नास वर्षे चालू शकते. मात्र त्याला निगा लागते. पालीच्या मुसळधार पावसात दमट हवेने ते गंजते. घरात हाताशी असलेले खोबरेल घातले की काही महिन्यांत त्याचा चिकटा होऊन चाक जड फिरते. मग यंत्र बिघडले म्हणून त्याला माळ्यावर टाकले जाते. वस्तुतः त्याला हवे असते साफसफाई, यंत्राचे पातळ तेल, नवा चामडी पट्टा आणि जाणता मिस्त्री. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी स्वस्त आहेत. दुर्मिळ होत चालला आहे तो मिस्त्री.

शासनाच्या धोरणाची उणीव नेमकी येथेच आहे. महिलांना शिलाई मशीन वाटणे हा जिल्हा परिषदांच्या कल्याणकारी योजनांचा जुना परिपाठ आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश असून, हत्यारसंचासाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य आहे. हेतू स्तुत्यच आहे. परंतु वाटपाचा आकडा अहवालात चढतो. वाटलेले यंत्र दोन वर्षांनी चालते की नाही, याचा आकडा चढत नाही. घरात असलेले दणकट यंत्र दुरुस्त करण्याऐवजी ते मोडीत काढून नवे हलके यंत्र घेणाऱ्या कुटुंबाची संपत्ती वाढली असे म्हणता येणार नाही.

जुन्या यंत्राच्या मर्यादा आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. त्यावर सरळ टीपच पडते. साडीला पिको करण्यास वेगळे यंत्र लागते. तयार कपड्यांच्या कारखान्यांशी वेगाची स्पर्धा पायमशीन करू शकत नाही. तथापि ब्लाऊज, परकर, गणवेशाची दुरुस्ती, उसवलेली शिवण ही गावातली कामे कारखाना करीत नाही. शिवाय पायमशीनला वीज लागत नाही. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यातील अनेक गावे दिवसेंदिवस अंधारात होती, आणि त्याच महिन्यांत महाराष्ट्रभर बचत गटांतील स्त्रिया मुखपट्ट्या शिवीत होत्या. अशा वेळी पायाने चालणाऱ्या यंत्राचे मोल वेगळे सांगावयास नको.

उपाय खर्चिक नाहीत. यंत्रासाठीच्या साहाय्याचा काही भाग जुन्याच्या दुरुस्तीवर खर्च करण्याची मुभा लाभार्थी स्त्रीला असावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी दुरुस्तीचा अल्प मुदतीचा वर्ग काढावा आणि उरलेल्या वयस्क मिस्त्रींना तेथे मानधन देऊन गुरुजी म्हणून बोलवावे. पाली नगरपंचायतीने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या साहाय्याने घरोघरच्या यंत्रांची क्रमांकासह नोंदवही करावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला याहून उपयुक्त विषय क्वचितच सापडेल. संग्राहकांनीही आपले ज्ञान या कामी द्यावे. ज्या यंत्राचे भाग मिळतच नाहीत ते त्यांच्या कपाटात सुखाने राहो. जे चालू शकते ते चालते राहावे.

भांडवलाच्या टंचाईची तक्रार ग्रामीण भागात नित्य ऐकू येते, आणि ती खोटी नाही. परंतु आधीच्या दोन पिढ्यांनी पोटाला चिमटा घेऊन, हप्ते फेडून जे भांडवल घरात आणले, ते तेलाच्या चार थेंबांअभावी तराजूत घालणाऱ्या समाजाला ती तक्रार करण्याचा अधिकार कितपत उरतो, याचाही विचार झाला पाहिजे.