मान नव्हे, मनगट!

माझ्या मोठ्या मावशीच्या मानेला दोन वर्षं पट्टा होता. तिची मान मात्र कधीच दुखली नाही.

गंमत नाही करत. दुखणं हाताचं होतं. रात्री दोन-अडीचला उजव्या हाताला मुंग्या यायच्या आणि जाग यायची. मग अंधारात बसून हात झटकायचा, की पाच मिनिटांत बरं. अंगठा, पहिली दोन बोटं आणि अनामिकेची एक कड बधिर, करंगळी ठणठणीत. ही सगळी हकीकत मावशीने तीन वेगवेगळ्या ठिकाणी सांगितली. तिन्ही ठिकाणी मानेचा एक्स-रे काढला गेला, आणि तिन्ही ठिकाणी "मणक्यात झीज आहे" असं ऐकायला मिळालं. अहो, साठी ओलांडलेल्या बहुतेकांच्या मानेत झीज दिसतेच! पांढरे केस दिसले म्हणून कोणी डोकेदुखीचं कारण सापडलं असं म्हणतं का?

मग पट्टा, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं, शेक. हातातून कपबशी सुटायला लागली, तेव्हा "वय झालं" हे निदान आम्ही घरच्यांनीच करून टाकलं. त्या पापात मीही आहे.

शेवटी एका तरुण डॉक्टरने तिचे दोन्ही तळहात शेजारी शेजारी ठेवून पाहिले. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो, तो सपाट झाला होता. त्यांनी तिला मनगटाच्या सोनोग्राफीला पाठवलं. आणि कुठे? तर ज्या सेंटरमध्ये तिने पूर्वी पित्ताशयातले खडे बघून घेतले होते, तिथेच. घरापासून दहा मिनिटांवर! दोन वर्षं ते मशीन तिथेच होतं हो...

आता थोडं मनगटाबद्दल. खाली हाडं, वर एक जाड पट्टी, आणि मधल्या बोगद्यातून बोटं वळवणारे नऊ दोर आणि एक नस, म्हणजे मिडियन नर्व्ह, असे सगळे दाटीवाटीने जातात. दोरांभोवती सूज आली की जागा कमी पडते, आणि दाबली जाते ती सगळ्यांत मऊ असलेली नस. याचं नाव कार्पल टनेल सिंड्रोम. मधुमेह, थायरॉईड, गरोदरपण, संधिवात, हाताचं तेच तेच काम, अशी कारणं असतात. पुष्कळदा ठळक कारण सापडतही नाही.

दाबलेली नस अडथळ्याच्या अलीकडे फुगते, पाय पडलेल्या पाण्याच्या पाइपसारखी. सोनोग्राफीत हे चक्क दिसतं. निरोगी नस आडव्या छेदात मधाच्या पोळ्यासारखी दिसते आणि मनगटाच्या तोंडाशी तिचं क्षेत्रफळ साधारण १० चौरस मिलिमीटरच्या आत असतं. मावशीचं १७ भरलं. तपासणीला दहा-पंधरा मिनिटं लागली. सुई नाही, शॉक नाही, किरणोत्सर्ग नाही.

"पण खरी तपासणी एनसीव्हीच," असं लगेच कोणीतरी म्हणेल. म्हणजे हातावर विजेचे हलके झटके देऊन नस संदेश किती वेगाने नेते ते मोजायचं. मला तिच्याशी भांडायचं नाही. नसेचं काम किती बिघडलंय हे तीच नीट सांगते आणि दुखण्याची तीव्रता ठरवायला ती सोनोग्राफीपेक्षा सरस आहे. मावशीचीही ऑपरेशनआधी ती झालीच. पण नस का दाबली गेली, हे ती सांगत नाही. आत पाण्याची गाठ आहे का, दोरांना सूज आहे का, नस जन्मतःच दुभंगलेली आहे का, हे बघायला डोळेच लागतात. शिवाय लक्षणं स्पष्ट असूनही काही जणांची एनसीव्ही नॉर्मल येते. अमेरिकेतल्या नस-स्नायू तपासणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने तर २०१२ सालीच पुरावे तपासून सांगितलं, की मनगटात या नसेचं क्षेत्रफळ सोनोग्राफीने मोजणं ही निदानासाठी अचूक चाचणी आहे. म्हणजे मी काही नवं खूळ घेऊन आलेली नाही.

दुसरा आक्षेप असा, की हे करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतं. मान्य! पण पोटाची सोनोग्राफीही तशीच असते की. मग ती बंद केली का आपण? उलट शिकलो. थायरॉईड बघायला जो सपाट प्रोब वापरतात, तसलाच चांगल्या फ्रिक्वेन्सीचा प्रोब इथे लागतो.

तिसरी कुजबुज कायद्याची. मशीनची नोंदणी, कागदपत्रं, कटकट. मुली गर्भातच मारल्या गेल्या म्हणून १९९४ चा कायदा आला, आणि त्याच्याही आधी १९८८ साली महाराष्ट्राने स्वतःचा केला. तो हवाच, त्यात सूट मागणाऱ्यांतली मी नाही. पण नोंदणी झालेल्या सेंटरमध्ये मनगट बघायला हा कायदा कुठे आड येतो? आड येते ती चिठ्ठी. चिठ्ठीवर "मान" लिहिलं, तर मानच बघितली जाणार.

आणि नस तपासणं आपल्याला नवं थोडंच आहे? कुष्ठरोगात कोपरामागची नस जाड झाली आहे का, हे बोटांनी चाचपून बघायची आपल्याकडची शिकवण जुनी आहे. ज्यांनी ती घेतली, त्यांना नस ही बघण्यासारखी गोष्ट आहे हे वेगळं पटवावं लागत नाही.

तरीही, ऊठसूट प्रत्येकाची सोनोग्राफी करा असं मला म्हणायचं नाही. अमेरिकेतल्याच अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये सांगितलंय, की लक्षणं आणि हाताची तपासणी यांवर बेतलेल्या सहा प्रश्नांच्या मोजपट्टीवरही हे निदान करता येतं, सरसकट चाचण्यांची गरज नाही. फारच छान! पण मग ते प्रश्न विचारा तरी. कोणती बोटं? रात्री जाग येते का? मानेतली नस दबली तरी अंगठ्यात मुंग्या येऊ शकतात, हे मलाही माहीत आहे. म्हणूनच अंदाजाने पट्टा बांधण्याआधी मनगटाकडे एकदा बघायला हवं. माझं भांडण एवढंच आहे.

मावशीचं ऑपरेशन झालं. वरची पट्टी मोकळी केली आणि पहिल्याच आठवड्यात ती रात्रभर झोपली. मुंग्या गेल्या. अंगठ्याचा उंचवटा मात्र वर्ष उलटलं तरी भरून आला नाही. ब्लाउजचे हुक अजून माझी मावसबहीणच लावते. नस फार काळ दाबलेली राहिली, की स्नायू कायमचा जातो. दोन वर्षांची किंमत ही अशी.

मावशी, तुझ्या परवानगीने लिहिलंय, रागावू नकोस :) आणि बाकीच्या काकू, आत्या, वहिनी... रात्री हात झटकत बसत असाल, तर उद्याच डॉक्टरांकडे जा. गेल्यावर आधी करंगळीचं सांगा, आणि मनगट पुढे करा.