जागा राखीव, पण फॉर्मच भरता येईना! अंध उमेदवारांची वाट कॅप्चापाशी अडते

भरतीची जाहिरात निघाली की तालुक्याच्या गावात ऑनलाइन सेंटरपुढे किती गर्दी होते, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. सर्व्हर डाऊन, ओटीपी येत नाही, फोटो अपलोड होत नाही. शेवटच्या दिवशी तर पोरं रात्री बारापर्यंत खुर्ची धरून बसतात. हे झाले डोळसांचे हाल. ज्याला स्क्रीन दिसतच नाही त्याने हाच फॉर्म कसा भरायचा, हा प्रश्न भरती काढणाऱ्यांना फारसा पडत नाही.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. अंध माणसाला मोबाइल किंवा कॉम्प्युटर वापरता येत नाही, असं गावात अजूनही बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते. ती चालू केली की बोट जिथे फिरेल तिथलं फोन वाचून दाखवतो, मराठीसुद्धा. कॉम्प्युटरसाठी एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी 2006 साली त्याचं काम सुरू केलं आणि आज जगभर ते वापरलं जातं. म्हणजे साधन आहे, वापरणारी पोरंही आहेत. व्हॉट्सअॅप, यूट्यूब, पैशाचे व्यवहार ती रोज करतात. अडतं ते सरकारी फॉर्मपाशी.

याचं कारण समजायला सोपं आहे. फोन किंवा कॉम्प्युटर वाचून दाखवतो तो मजकूर. चित्रात काय लिहिलंय ते त्याला नीट सांगता येत नाही. वेबसाइट करणाऱ्याने फॉर्मच्या प्रत्येक रकान्याला आतून नाव द्यायचं असतं. ते दिलं नसेल तर अंध उमेदवाराला नुसतं "एडिट बॉक्स, एडिट बॉक्स, बटन" एवढंच ऐकू येतं. त्यातला वडिलांच्या नावाचा रकाना कुठला आणि पिनकोडचा कुठला, हे अंदाजाने ओळखायचं.

अडचण जाहिरातीपासूनच सुरू होते. बऱ्याच जाहिराती कागदावर छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून पीडीएफ म्हणून टाकतात. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लेखी ती पीडीएफ म्हणजे कोरा फोटो. काही जाहिराती जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या वाचायला घेतल्या की "तलाठी" ऐवजी भलतीच इंग्रजी अक्षरं ऐकू येतात. हीच जाहिरात युनिकोडमध्ये टाइप करून सरळ टाकली तर एक रुपयाही जास्त लागत नाही.

मग येतो कॅप्चा. वाकडीतिकडी अक्षरं दाखवून "तुम्ही माणूस आहात का" असं विचारणारी ती चौकट. अक्षरं चित्रात असतात, त्यामुळे अंध माणूस तिथेच थांबतो. कॅप्चा ऐकवायची सोय करता येते, काही साइटवर ती आहेही. "सात अधिक तीन किती" असा साधा प्रश्न मजकुरात विचारला तरी भागतं. पण बऱ्याच साइटवर फक्त चित्रच असतं. ते बदलायचं बटन सापडलं तरी दुसरं चित्रच येतं.

कॅप्चा कुणाकडून तरी वाचून घेतला, तर पुढे जन्मतारीख निवडायला कॅलेंडर उघडतं. ते माऊसने चालतं, कीबोर्डने चालत नाही. चूक झाली की रकान्याभोवती लाल रेघ उमटते, ती ऐकू कशी येणार? ऐकत ऐकत फॉर्म भरायला वेळ जास्त लागतो, तेवढ्यात "सेशन संपलं" म्हणून सगळं पुसलं जातं. ई-पीक पाहणीचं अॅप मध्येच अडकलं की बांधावर उभ्या शेतकऱ्याचा जसा संताप होतो, तसाच इथे. फक्त शेतकऱ्याला निदान कुठे अडकलं ते दिसतं.

फोटो आणि सहीचं तर वेगळंच. बँक भरतीच्या अर्जात फोटो 20 ते 50 केबीचा आणि सही 10 ते 20 केबीची लागते. फोटो सरळ आला की वाकडा, सही चौकटीत बसली की कापली गेली, हे स्वतः पाहायची सोय नाही. काही भरतींत आता अर्ज भरतानाच कॅमेऱ्यापुढे बसून थेट फोटो काढावा लागतो. चेहरा चौकटीत आणा, चष्मा काढा, कॅमेऱ्याकडे बघा. कॅमेरा कुठे आहे हे ज्याला दिसत नाही, त्याने कुठे बघायचं?

शेवटी सगळे जातात तिथेच जावं लागतं, ऑनलाइन सेंटरवर. आणि खरा धोका इथे आहे. सेंटरवाला वाईट असतो असं नाही, पण त्याच्यापुढे वीस जण उभे असतात. तो पटापट क्लिक करत जातो. दिव्यांग फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, लेखनिक पाहिजे का? तिथे "नाही" पडलं तर परीक्षेच्या दिवशी पेपर लिहून द्यायला माणूस मिळणं कठीण होतं. तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळेची तरतूद केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे, त्यावरूनही केंद्रावर वाद होतो. "अंध" ऐवजी अस्थिव्यंगाचा पर्याय निवडला गेला, तर कागदपत्र तपासणीत उमेदवारी जाते. वर्षभर अभ्यास केलेला असतो, आणि चूक कळते ती हॉल तिकीट हातात आल्यावर. तोवर दुरुस्तीची मुदत संपलेली.

शिवाय आधार नंबर, पासवर्ड, ओटीपी, बँकेचा तपशील, सगळं परक्या माणसाच्या हातात द्यावं लागतं. डोळस माणूस निदान पाहू शकतो, समोरचा काय टाइप करतोय ते.

आता कायद्याकडे पाहू. दिव्यांग हक्क कायदा 2016 सालचा, एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याच्या कलम 34 प्रमाणे सरकारी नोकरीत 4 टक्के जागा दिव्यांगांसाठी, त्यातली 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांसाठी. याच कलमात पुढे एक गोष्ट आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. योग्य उमेदवार मिळाला नाही तर ती जागा पुढच्या भरती वर्षात जाते. तेव्हाही मिळाला नाही तर दुसऱ्या प्रकारच्या दिव्यांगाला देता येते. तोही नसेल तर दिव्यांग नसलेल्या उमेदवाराने ती भरली जाते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. फॉर्म भरता आला नाही म्हणून अंध उमेदवार भरतीत उतरलाच नाही, तर कागदावर "योग्य उमेदवार उपलब्ध नाही" अशी नोंद होऊ शकते. वेबसाइटचा दोष उमेदवाराच्या खात्यावर पडतो आणि दोन भरतींत जागा हातची जाते. 2011 च्या जनगणनेत राज्यात दृष्टिदोष असलेले साडेपाच लाखांवर लोक नोंदले गेले. त्यांच्यातल्या शिकलेल्या पोरांना उमेदवार नाहीत असं म्हणणं पटण्यासारखं नाही.

वेबसाइट सर्वांना वापरता येईल अशी असावी, हेही याच कायद्यात आहे. सरकारी वेबसाइटसाठी केंद्राचे स्वतंत्र निकष 2009 पासून आहेत आणि 2023 मध्ये ते नव्याने आले. कायद्याचे नियम जून 2017 मध्ये निघाले. सेवा त्याप्रमाणे करायला दोन वर्षांची मुदत होती, ती 2019 मध्ये संपली. तरी हे निकष पाळले नाहीत म्हणून काही बिघडत नव्हतं, कारण नियमांची भाषाच सल्ला दिल्यासारखी होती. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी खटल्यात नेमकं याच्यावर बोट ठेवलं. सल्ल्यासारखा हा नियम कायद्याशी विसंगत आहे, सक्तीचे नियम तीन महिन्यांत करा, असं केंद्राला सांगितलं. त्यानंतर 30 एप्रिल 2025 ला दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि 20 निर्देश दिले. ते प्रकरण ई-केवायसीचं होतं. डोळ्यांची उघडझाप करा म्हटल्यावर अॅसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्यांनी आणि अंधांनी काय करायचं, असा तो वाद. भरतीच्या फॉर्ममधल्या कॅमेऱ्यालाही हाच प्रश्न लागू पडतो.

सुरक्षेसाठी कॅप्चा लागतोच, असं सांगितलं जातं. लागत असेल. पण एकाच वेळी लाखो अर्ज घेणारी यंत्रणा उभी करता येते, तिथे ऐकू येणारा कॅप्चा बसवणं अवघड आहे हे कोण मानणार? भरतीच्या कंत्राटातच अट घालावी, की लिंक चालू करण्याआधी एका अंध व्यक्तीने एनव्हीडीए लावून पूर्ण फॉर्म भरून दाखवला पाहिजे. एका दिवसाचं काम आहे.

गावपातळीवरही करण्यासारखं आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो मार्चअखेरीस थोडी थोडी रक्कम वाटून संपवला जातो. एखाद्या अंध विद्यार्थ्याला त्यातून चांगला फोन किंवा शहरातल्या कॉम्प्युटर प्रशिक्षणाचा खर्च देता येईल का, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

आणि तोवर, घरात किंवा शेजारी कुणी अंध उमेदवार असेल तर शेवटच्या तारखेची वाट न पाहता फॉर्म भरावा. सबमिट करण्याआधी सेंटरवाल्याकडून सगळा फॉर्म मोठ्याने वाचून घ्यावा. दिव्यांग प्रकार, टक्केवारी, युडीआयडी नंबर आणि लेखनिकाचा रकाना, हे चार तर दोनदा. पासवर्ड घरी आल्यावर बदलावा. साइट अडली तर तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट ठेवावा. कलम 23 प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे, त्याच्याकडे लेखी तक्रार द्यावी. तिथे दाद लागली नाही तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे. कायदा मोडल्याबद्दल पहिल्या वेळी 10 हजारांपर्यंत आणि नंतर 50 हजार ते 5 लाखांपर्यंत दंडाची तरतूद कलम 89 मध्ये आहे. तक्रार कुठेही दिली तरी पोच घ्यायला विसरू नये.