फसलेली तबकडी, पुन्हा एकदा

एखाद्या संगीताला पहिल्याच ऐकण्यात नापास करून मोकळे होण्याची खोड आम्हालाही आहे. आमचा भाचा हळदी-लग्नांत ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड वाजवतो, त्यावर घराला हातभार लावतो. गेल्या पावसाळ्यात तो मोबाईल घेऊन थेट स्वयंपाकघरात आला. म्हणाला, "मामा, ऐका तर खरं, आपल्या मुंबईच्याच माणसाचं आहे." कुकरच्या शिट्ट्यांत आम्ही दोन राग ऐकले आणि बोलून गेलो, "बंद कर रे ते. नुसतं मशीन ठोकतंय, जीव कुठाय यात?" त्याने मुकाट्याने मोबाईल खिशात टाकला. त्यानंतर दोन महिने पोराने आम्हाला काहीच ऐकवले नाही.

ती तबकडी चरणजित सिंग यांची. नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट', साल १९८२, कंपनी एच.एम.व्ही. सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. असे शेकडो वादक मुंबईत राबले, पडद्यावर नाव मात्र संगीतकाराचे. सिंगांनी रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रे घेतली. ज्युपिटर-८ वर रागाची सुरावट, टीआर-८०८ वर ताल आणि टीबी-३०३ वर खर्जातला स्वर. भैरवीपासून बैरागीपर्यंत दहा राग, प्रत्येकी पाचेक मिनिटांचे. गाणे नाही. डिस्कोच्या त्या दिवसांतही तबकडी खपली नाही. ऐकणाऱ्यांना डिस्को म्हणजे गाणे हवे होते आणि राग म्हणजे तबला. आमचेही तेच झाले, फक्त चाळीस वर्षे उशिरा!

दिवाळीच्या आधी भाच्याला डबा द्यायला त्यांच्या तालमीच्या खोलीवर गेलो. तिथे मोठे स्पीकर तपासणे चालले होते. आतून काहीतरी घुमत होते, भिंतीला हात लावला तर हाताला कळावे असे. आम्ही विचारले, "हे कुठलं रे?" तो हसला. "मामा, तुम्ही बंद करायला लावलेलं तेच. कलावती आहे."

आम्ही डबा खाली ठेवला आणि बसलो. मोबाईलच्या टीचभर स्पीकरमधून खर्ज बाहेर पडतच नाही, म्हणजे अर्धी तबकडी आम्ही ऐकलीच नव्हती. भाच्याने समजावले, की टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाण्याची सोय आहे. आपल्या मींडेच्याच जातीची! गिटारवाल्याला घरी सरावासाठी साथ मिळावी म्हणून काढलेले हे यंत्र त्या कामी कुणाला फारसे पटले नाही, कंपनीने थोड्याच वर्षांत ते बंद केले. मग जुन्या बाजारात स्वस्त मिळू लागले. शिकागोच्या 'फ्यूचर' या गटातील कृष्णवर्णीय तरुणांनी त्याच्या कळा पिळून १९८७ साली 'ॲसिड ट्रॅक्स' काढले. त्यातून अ‍ॅसिड हाऊस नावाचे नाचाचे संगीत जगभर गेले. सिंगांची तबकडी त्याच्या पाच वर्षे आधीची. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता, म्हणून 'शोध आमचाच' अशी छाती बडवण्यात अर्थ नाही. पण एडो बाऊमन या डच माणसाला २००२ साली ती दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चकित झाले ते याचमुळे. उतारवयात सिंगांनी परदेशात कार्यक्रम केले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

सगळेच आवडले असे नाही. दहाही रागांना ठेका जवळजवळ तोच, मेघमल्हारात पाऊस काही पडत नाही. ललितही आम्हाला अजून घाईचा वाटतो. मात्र मालकंस रात्री दिवा घालवून ऐकावा. तालाकडे लक्ष न देता खालच्या स्वराचा माग धरावा, म्हणजे वरची सुरावट आपोआप उलगडते.

भाच्याला आम्ही "चुकलो बाबा" म्हणालो. त्याने मान डोलावली आणि लगेच स्वतः बसवलेला एक तुकडा लावला, यमनाचा, ऑक्टोपॅडवर. आम्ही दोनदा ऐकला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा बाहेरून चौकीदाराने दार वाजवले, साडेदहा वाजून गेले होते.