घरातली गोष्ट

मुलामुलींनो, या आठवड्याच्या टपालात गारखेड्याहून एक पत्र आलंय. आठवीतल्या मुलीचं. 'माझं नाव छापू नका' असं तिनं वरच लिहिलंय. दादाला क्लास लावलाय, तिला नाही. दादा जेवून उठला की त्याचं ताट तिनंच उचलायचं. हे सगळं तिनं वहीत लिहिलं. वही बाबांच्या हाती लागली. बाबा एवढंच म्हणाले, "घरातल्या गोष्टी घरातच राहू द्याव्यात." आता ती विचारते, मी लिहिलं ते चूक का?

मैत्रिणी, मी तुला यमूकडे पाठवतो.

यमू म्हणजे हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!' या कादंबरीची नायिका. आपट्यांनी १८९० साली पुण्यात 'करमणूक' नावाचं साप्ताहिक काढलं. तेव्हा ते होते अवघे सव्वीस वर्षांचे! त्यातच ही कादंबरी हप्त्याहप्त्यानं आली. पुढे काय झालं ते कळायला वाचकांनी आठवडाभर थांबायचं.

गोष्ट सांगते यमू स्वतः, 'मी' म्हणून. लिहिणारा पुरुष आहे हे थोड्या वेळानं आपण विसरूनच जातो. यमूचं घर खाऊनपिऊन सुखी. बाहेरून बघणाऱ्याला काही उणं दिसायचं नाही. आत मात्र दादाला एक माप आणि यमूला दुसरं. बरं, दादा काही वाईट नाही हं! त्याचा बहिणीवर जीव आहे. मला तर पुस्तकातली हीच गोष्ट सगळ्यांत खरी वाटते. दादानं काही हिसकावून घेतलेलं नाही, घराची रीतच त्याच्या बाजूची आहे.

यमूची मैत्रीण दुर्गी. तिचे हाल वाचताना मी दोनदा पुस्तक मिटून ठेवलं होतं. पुढे यमू नवऱ्याबरोबर, रघुनाथरावांबरोबर, मुंबईला जाते. वाचन, गप्पा, मोकळी हवा! ती पानं संपू नयेत असं वाटतं. पण रघुनाथराव वारतात आणि घरचेच लोक यमूचं जबरदस्तीनं केशवपन करवतात, म्हणजे तिच्या डोक्यावरचे सगळे केस काढवतात. (आईबाबांनो, हा भाग मुलांबरोबर बसून वाचा.) असं घराघरांत चाले आणि कोणी बोलत नसे. त्याच १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी मात्र सभा भरवून ठरवलं, की विधवांचे केस आम्ही काढणार नाही. घरातली गोष्ट वस्तरा धरणाऱ्याला ठाऊक होतीच की!

तेव्हा मैत्रिणी, तुझं काही चुकलं नाही. वही बाबांकडून परत माग. पुस्तक शाळेच्या नाहीतर गावातल्या वाचनालयात मिळेल. भाषा जुनी आहे, पहिली पंचवीस पानं नेटानं वाच, अडलं तर आजीला विचार. वाचून झालं की दादाच्या उशाशी ठेव. आणि तो काय म्हणाला ते मला कळव. नाव नाही छापणार!