यंत्रे सुधारली, नकाशे कुलपात

भारतीय नकाशांचा इतिहास लॅम्बटनच्या थिओडोलाइटपाशी संपवणे हा निव्वळ आळस आहे. एकाच भूमीची दोन छायाचित्रे जोडीने पाहिली की उठाव दिसतो. त्यावरून थेट समोच्च रेषा काढणारे यंत्र ऑरेलने 1908 मध्ये रचले. पुढे हे तत्त्व विमानचित्रांना लागू झाले. 1957 मध्ये हेलावाने यंत्रातील धातूच्या दांड्यांचे काम संगणकाकडे सोपवले.

ठाणे-कल्याणला याचा लाभ किती? किनाऱ्यालगतच्या 80 किलोमीटर पट्ट्यातील तपशीलवार नकाशे प्रतिबंधित होते! कारण संरक्षणाचे, खरे. पण नदीकाठची सखल जमीन दाखवणाऱ्या रेषा तिथे घर घेणाऱ्यापासूनच दडवल्या गेल्या. बंधन सैल करणारे धोरण मे 2005 मध्ये आले. 26 जुलैला उल्हास नदी कल्याणच्या वस्त्यांत शिरली.